खोट्या खटल्याचा हिशेब साहेबाच्या खिशातून!



खटला खोटा ठरतो, आपला माणूस सुटतो, आणि मग काय होतं? कोर्टाच्या फाटकावर हार पडतात, गुलाल उडतो, कुणीतरी धावत जाऊन पेढे आणतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाळीवर जातो. म्हणजे नोकरी शाबूत राहिली असली तर! आणि ज्या साहेबानं न झालेला पंचनामा लिहिला, ठरवून नाव गोवलं, वरच्याच्या इशाऱ्यावर चार्जशीट रंगवलं, तो साहेब त्या वेळी कुठं असतो? बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. त्याच्या पगारातून एक रुपया कापला जात नाही. ज्याचं सगळं गेलं त्यानं पेढे वाटायचे आणि ज्यानं घालवलं त्यानं पेन्शन मोजायची, असा हा न्याय!

माझं म्हणणं सरळ आहे. निर्दोष सुटल्यावर गप बसू नका. ज्या अधिकाऱ्यानं आकसानं खटला भरला त्याच्यावर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावा. वकील लोक त्याला द्वेषमूलक खटल्याबद्दलचा दावा म्हणतात. कायद्यात त्याला जागा आहे. अरुंद आहे, दारावर कुलपं आहेत, पण दार आहे. ते आपल्याला कुणी दाखवत नाही, कारण ते दार आपण ठोठावलं तर पुष्कळांची झोप उडेल.

गिरणी कामगाराला खोटे खटले नवीन नाहीत. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद ठेवल्या त्या आपल्याच आज्या-पणज्यांनी. त्याच टिळकांवर त्याआधी सरकारनं ताईमहाराज प्रकरणात खोट्या शपथेचा खटला भरला होता. १९०३ साली शिक्षा ठोठावली, १९०४ च्या मार्चात हायकोर्टानं ती रद्द केली. केसरीकारासारखा कायदा जाणणारा माणूस, त्यालासुद्धा त्या प्रकरणापायी किती जळावं लागलं!

मग १९२८ चा सहा महिन्यांचा संप आला. त्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, वर्षअखेर तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. मालकांना ती मोडता येईना, तेव्हा सरकार मदतीला धावलं. २० मार्च १९२९ ला एका दिवसात देशभर धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे असे पुढारी तर नेलेच, पण आळवे आणि कासले हे खुद्द गिरणीतले कामगारही नेले. खटला कुठं चालवला? मुंबईत नाही, कलकत्त्यात नाही, तर दूर मीरतला! का? तर मीरतला ज्यूरी नव्हती. मुंबईच्या ज्यूरीनं कामगाराला सोडून दिलं असतं ही भीती! १९३३ च्या जानेवारीत निकाल लागला. त्याच वर्षी ऑगस्टात अलाहाबाद हायकोर्टानं शिक्षा कमी केल्या आणि कित्येकांना निर्दोष सोडलं. म्हणजे निर्दोष माणसं चार वर्षं घरापासून हजार मैलांवर अडकून पडली. त्या चार वर्षांचं मोल कुणी दिलं? युनियन मोडायची होती ती चार वर्षांत अर्धीअधिक मोडली. खटला हरला तरी सरकारचं काम झालं.

हे ध्यानात घ्या. खोटा खटला शिक्षेसाठी भरलेलाच नसतो. तारखांसाठी भरलेला असतो. एक तारीख म्हणजे एक खाडा, एक खाडा म्हणजे हजेरी बोनस गेला, चार खाडे म्हणजे खात्यातून नोटीस. घरभाडं थकतं, पोराची फी थकते, सोयरीक मोडते, 'कोर्टात जातो' एवढ्यानं शेजारपाजार कुजबुजतो. नवी नोकरी बघावी तर पोलीस पडताळणीत नाव निघतं. गोळी लागून माणूस पडला तर त्याचं नाव दगडावर कोरतात. फ्लोरा फाउंटनला १०६ जणांचं स्मारक आहे, आणि असायलाच हवं. पण खोट्या खटल्यात झिजून गेलेल्यांचं स्मारक कुठल्या चौकात आहे?

आज काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको. फाटकावर सभा घेतली की बेकायदा जमाव. मॅनेजरला घेराव घातला की दमदाटी आणि धाकदपटशा. कामावर नसलेल्या माणसाचंही नाव यादीत, कारण तो कमिटीत आहे! आणि काहीच सापडलं नाही तर चॅप्टर केस आहेच, नाहीतर तडीपारीची नोटीस. १ जुलै २०२४ पासून जुनी कलमं गेली, नव्या संहिता आल्या. आकडे बदलले, हात तेच.

आता दावा कशावर टिकतो ते सांगतो. मी चार बुकं शिकलेला माणूस, पण हे मी वकिलांकडून दोन-दोनदा विचारून घेतलंय, म्हणून सांगायची हिंमत करतो.

खटला त्या अधिकाऱ्यानं चालवला किंवा चालवायला लावला हे दाखवायचं. तो आपल्या बाजूनं संपला हे दाखवायचं. त्याला वाजवी कारण नव्हतं हे दाखवायचं. मनात आकस होता, म्हणजे गुन्हेगार पकडण्यापेक्षा दुसराच काही हेतू होता, हे दाखवायचं. आणि नुकसान झालं हे दाखवायचं. १६९८ साली विलायतेतल्या एका न्यायाधीशानं या नुकसानाचे तीन भाग केले, ते आजही चालतात. आपल्या भाषेत सांगायचं तर अंग, अब्रू आणि पैसा. कोठडीत गेलेले दिवस हे अंगाचं नुकसान. वस्तीत झालेली बदनामी हे अब्रूचं. वकिलाची फी, बुडालेला रोज, गेलेली नोकरी हे पैशाचं. गिरणी कामगाराची तिन्ही नुकसानं एकाच खटल्यात होतात, हे विलायतेच्या न्यायाधीशाला माहीत नसावं!

सगळ्यात अवघड काय? आकस. साहेब कोर्टात म्हणणार, 'माझ्याकडे फिर्याद आली, मी कर्तव्य केलं.' इथं पुष्कळ दावे बुडतात. निर्दोष सुटल्याचा निकाल घेऊन गेलं की झालं असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. तो निकाल फक्त एवढंच सांगतो की माणूस सुटला. खटला खोटा होता आणि जाणूनबुजून भरला होता, हे दिवाणी कोर्टात नव्यानं शाबीत करावं लागतं. संशयाचा फायदा देऊन सोडलं असलं तरी दावा करता येतो, पण पुरावा दुप्पट लागतो. म्हणून पुरावा सुटल्यावर शोधायचा नसतो, अटकेच्या दिवसापासून जमवायचा असतो. ज्या वेळी दगड मारला म्हणतात त्या वेळी माणूस साच्यावर होता ना? मग त्या दिवसाचा हजेरीपट, पंचिंगची नोंद लगेच मागा. पोलीस ठाण्यात कधी नेलं, कधी अटक दाखवली? २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचा आणि चित्रण अठरा महिने जपायचा हुकूम दिलाय. निदान वर्षभर तरी. माहितीच्या अधिकारात अर्ज त्याच आठवड्यात टाका. दोन वर्षांनी गेलात तर चित्रण पुसलं गेलंय एवढंच उत्तर मिळेल.

आणि फिर्यादी कोण, हेही बघा. खोटी माहिती देऊन पोलिसांना मागं लावणारा मॅनेजर किंवा टाइमकीपर 'खटला सरकारनं चालवला, माझा काय संबंध' असं म्हणून सुटत नाही. विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९०८ सालीच सांगितलंय की जाणूनबुजून खोटं सांगून, पुरावा उभा करून जो खटला चालवायला लावतो, तोच खरा खटला भरणारा. साहेब आणि मॅनेजर दोघांनाही एकाच दाव्यात ओढता येतं. मॅजिस्ट्रेटला मात्र ओढता येत नाही. १८५० चा एक कायदा न्यायाधीशाला त्याच्या कामापुरतं संरक्षण देतो. ते ठीकच आहे म्हणा, नाहीतर हरणारा प्रत्येक माणूस न्यायाधीशावरच दावा लावत बसेल.

आता कुलपांविषयी. सरकारी अधिकाऱ्यावर दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. सुटल्यापासून एका वर्षात दावा लावायचा, अशी मुदतीच्या कायद्यात सोय आहे, आणि नोटिशीचे दिवस त्यातून वजा होतात. एवढ्यावर विसंबून राहाल तर फसाल! कारण १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, कलम १६१ आहे. पोलिसानं कामाच्या नावाखाली केलेल्या अन्यायाबद्दल दावा किंवा खटला सहा महिन्यांत आला नाही तर तो फेटाळायचा, असं ते सांगतं. खोटा पंचनामा हे काय पोलिसाचं काम झालं, असं तुम्ही म्हणाल. मुंबई राज्यातून म्हैसूरला जोडलेल्या भागातल्या एका हवालदाराच्या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं गेला होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला निकाल लागला: पंचनामा खोटा असला तरी तो कामाच्या नावाखालीच लिहिलेला आहे, म्हणून सहा महिन्यांची अट लागू. हवालदार सुटला! म्हणून मी सांगतो, वर्षाचं गणित मनातून काढून टाका. निकाल लागल्याच्या आठवड्यात नक्कल मागा, त्याच महिन्यात नोटीस द्या आणि सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा.

एक दिलासा आहे. त्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटला भरायचा तर सरकारची मंजुरी लागते. दिवाणी दाव्याला आपल्या राज्यात मंजुरी लागत नाही, नोटीस पुरते.

'आपल्या राज्यात' हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. बेळगावकडे चला.

१९५६ सालच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. बेळगावच्या मराठी माणसाला आणि परळच्या मराठी माणसाला एकच पोलीस कायदा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशावर रेघ ओढली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार म्हैसूरच्या घशात घातलं. लोक म्हणतात, भाषेचा प्रश्न हा भावनेचा प्रश्न. कोण म्हणतं? कर्नाटक पोलीस कायदा, १९६३, याचं कलम १७० उघडून बघा. तिथं पोलीस अधिकाऱ्यावर अशा कामाबद्दल खटलाच काय, साधा दिवाणी दावासुद्धा सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्टानं घ्यायचा नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही या कलमावर बोट ठेवून सांगितलं की अधिकारानं मर्यादा ओलांडली तरी काम कर्तव्याशी जोडलेलं असेल तर मंजुरी हवी.

म्हणजे काय झालं बघा. बेळगावात १ नोव्हेंबरला काळा दिन पाळला म्हणून ज्या सरकारचे पोलीस तुमच्यावर गुन्हे घालणार, त्याच सरकारच्या दारात जाऊन म्हणायचं, 'साहेब, तुमच्याच माणसावर दावा लावायची परवानगी द्या.' आणि अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा, तेही वेगळं सांगायला नको! २०१४ च्या जुलैत येळ्ळूर गावात 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक उखडला. गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, तर पोलिसांनी घराघरांत शिरून बायाबापड्यांना झोडपलं. वर गुन्हे कुणावर? गावकऱ्यांवरच! बेळगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा चालल्या. त्यातून जो सुटेल त्यानं हिशेब मागायचा तर कलम १७० आडवं.

रेघेच्या एका बाजूला नोटीस, दुसऱ्या बाजूला परवानगी. माणूस तोच, भाषा तीच, मार तोच. ८६५ गावांचा प्रश्न शिवेच्या दगडांपुरता नाही, तो माणसाला सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढता येते की नाही याचाही आहे. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, २०२२ च्या डिसेंबरात विधिमंडळानं एकमतानं ठराव केला. ठराव छान आहे. पण सीमाभागातल्या ज्या कार्यकर्त्यांवर खटले पडतात त्यांच्या वकिलाची फी, पुराव्याचं काम, मंजुरीच्या अर्जाचा पाठपुरावा, मंजुरी नाकारली तर हायकोर्टातली दाद, हे सारं आपल्या सरकारनं अंगावर घ्यावं. ठरावाला खर्च येत नाही, याला येतो. म्हणून तर मागायचं!

आणि आपलं घर स्वच्छ आहे असंही समजू नका. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एक भयंकर गुन्हा झाला. भटक्या जमातीतली सहा गरीब माणसं पकडली. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटोंतून दुसरीच चार माणसं ओळखली होती. ती तशीच राहिली आणि हे सहा जण फाशीच्या दोरापर्यंत गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानंही फाशीच दिली! शेवटी ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि तपासात चुकार ठरलेल्या अधिकाऱ्यांना हुडकून कारवाई करा म्हणून गृहखात्याला फर्मावलं. सोळा वर्षांचे पाच लाख. महिन्याला किती पडतात, तुम्हीच भागाकार करा. अडीच हजारांच्या आसपास येतात.

ते पाच लाख कुणाच्या खिशातून? सरकारी तिजोरीतून. तिजोरी कुणाची? आपली. काडेपेटीवर कर भरणाऱ्या माणसानं काडेपेटीवर कर भरणाऱ्या माणसाला भरपाई द्यायची! केरळच्या नंबी नारायणन या शास्त्रज्ञाला १९९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपात पकडलं. सीबीआयनं १९९६ सालीच आरोप खोटे ठरवले. पन्नास लाख मिळायला २०१८ चा सप्टेंबर उजाडला, आणि २०२० साली राज्य सरकारनं आणखी एक कोटी तीस लाख देऊन त्यांचा दिवाणी दावा मिटवला. माणूस लढला म्हणून मिळालं, हे खरं. पण इस्रोच्या शास्त्रज्ञाला चोवीस वर्षं लागली, तिथं बॉबिन बदलणाऱ्या पोराचं काय! म्हणून माझी मागणी अशी की ज्या निकालात कोर्ट अधिकाऱ्याचा आकस मान्य करतं, तिथली भरपाई आधी सरकारनं द्यावी, माणसाला ताटकळवू नये, आणि मग ती त्या अधिकाऱ्याच्या पगारातून, पेन्शनीतून हप्त्यानं वसूल करावी. आपला पगार नाही का कापत, कापडात एक गाठ राहिली तर?

काही साथी म्हणतात, पोलीस हवालदार कोण आहे? तोही शेतकऱ्याचा, कामगाराचाच पोर. खरं आहे. बारा-बारा तास बंदोबस्तावर उभं राहतं बिचारं. नाव लिही म्हटलं की लिहितं. त्याच्या विरुद्ध माझा राग नाही, आणि प्रामाणिकपणे चुकलेल्या अधिकाऱ्यावर दावा लावा असंही मी म्हणत नाही. असा दावा कोर्टात टिकणारही नाही. पण लिही म्हणून सांगणारा जो आहे त्याला नोटिशीत पहिल्या नंबरावर घाला. हवालदाराला साक्षीला बोलवा. दोन-चार ठिकाणी असं झालं की पुढच्या वेळी तोच विचारील, 'साहेब, लेखी हुकूम देता का?'

दुसरं म्हणणं असं की आंदोलनातले खटले सरकार मागं घेतंच, मग दाव्याची भानगड कशाला. बांधवांनो, ही मेहेरबानीची गोळी गोड लागते म्हणून गिळू नका. निवडणुकीच्या तोंडावर खटले काढून घेतात, पुढारी फोटो काढतात, आणि खटला मुळात भरला का, हा प्रश्न तिथंच पुरला जातो. खटला मागं घेत असतील तर घेऊ द्या, पण 'आम्ही तडजोड केली' अशा कुठल्याही कागदावर सही करू नका. तडजोडीनं मिटलेला खटला आपल्या बाजूनं संपला असं कोर्ट धरत नाही आणि दाव्याचा पायाच जातो.

पनवेल-उरणच्या माणसाला हे जास्त समजावं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या लढ्यात इथले पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीनं पडले. १७ जानेवारी हाच बेळगावकरांचाही हुतात्मा दिन, १९५६ पासून. ज्या नवीन पनवेलच्या मैदानात हे पुस्तक तुमच्या हाती पडतंय ती जमीनही तशीच कुणाची तरी घेतलेली आहे. आणि ज्या गिरणीवाल्यांना २०१६ च्या सोडतीत पलीकडच्या कोनला घरं लागली, त्यांनी चाव्यांसाठी किती मोर्चे काढले, तेही इथं बसलेत. मोर्चा म्हटला की जमावबंदीची नोटीस ठरलेली, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

पैशाचं कसं, असं विचाराल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचून घ्या. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच यादीत 'औद्योगिक कामगार' हाही शब्द आहे, तो कुणी वाचून दाखवत नाही. पनवेलच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे, अर्ज तिथं करायचा. कोर्ट फी परवडत नसेल तर दिवाणी संहितेत निर्धन म्हणून दावा लावायची वेगळी वाट आहे, ऑर्डर ३३. आणि प्रत्येक युनियननं वर्गणीतून एक छोटी रक्कम फक्त अशा दाव्यांसाठी बाजूला काढावी. संप फंड असतो तसा दावा फंड.

ज्यांचे खटले गेल्या सहा महिन्यांत सुटलेत त्यांनी निकालाची साक्षांकित नक्कल, चार्जशीट, जामिनाचे कागद, वकिलाच्या पावत्या आणि बुडालेल्या रोजांचा हिशेब घेऊन सभा संपल्यावर आपापल्या गिरणी कमिटीच्या माणसाला भेटावं. ज्यांच्या सुटकेला पाच महिने होऊन गेलेत त्यांनी आजच.